चारी पाय जमिनीवर

धनज, ता. ४ फेब्रुवारी १९३५

सोजर,

वर आशीर्वाद लिहिले होते, ते खोडले. तुझ्या माहेरचे म्हणतील, आधी हात मोडतो आणि मग आशीर्वाद धाडतो. तुझं नावसुद्धा आज पहिल्यांदा लिहितो आहे. लग्नाला आठ वर्षं झाली, तोंडाने ते कधी घेतलं नाही. पण पत्राला वर काहीतरी लागतं.

रामकिसन काल येऊन गेला. मेहुणा म्हणून मी ओसरीवर गादी टाकली, तर तुझा भाऊ बसेना. पाणीसुद्धा घेतलं नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून त्याने तुझा निरोप पाढ्यासारखा म्हणून दाखवला. "बाईनं सांगतलं हाय, चेंडू मानसाच्या अंगावर उडनं सोडन त्या दिवशी मी येईन. पन त्याले काठी लागता कामा नाई. लाथ बी नाई. पोळ्यापावतर वाट पाहीन, मंग नाई." एवढं बोलून तो दमणीत बसला आणि बैल हाकून निघून गेला.

म्हणजे चेंडूला, आपल्या कुत्र्याला, धनजच्या पाटलाने कसं वळवायचं, हे आता कारंजातून त्याची बायको सांगणार. आमच्या घरात बैल, कुत्रं, पोरगं आणि सून हे सगळे एकाच काठीने शिकत आले. मीही तिनेच शिकलो, आणि माझं काही वाईट झालं नाही.

तुझ्या माहेरी भलतंच पसरलेलं दिसतं, म्हणून त्या दिवशीचं लिहून ठेवतो. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. घरात पंधरा-वीस बाया. चेंडू गोठ्यातून शेणाचे पाय घेऊन धावत आला आणि माळेगावच्या पाहुणीच्या छातीवर दोन पाय देऊन उभा राहिला. बाई उताणी पडली, कुंकवाचा करंडा सांडला, तिळगूळ कुत्र्याने खाल्ला. 'भीक नको पण कुत्रा आवर' असं कोणीतरी माझ्याच दारात म्हणालं. मी काठी उचलली ती कुत्र्यासाठी. तू मध्ये आलीस. काठीला काही डोळे नसतात. एकच फटका होता, तो तुझ्या मनगटावर बसला. बांगड्या फुटल्या त्याचं मला वाईट वाटलं.

आणि खोड लावली कोणी? तो वितभर होता तेव्हा तू 'उडी मार, राजा, उडी मार' म्हणत त्याला पदरात झेलायचीस आणि दर उडीला बोटावरचं लोणी चाटवायचीस. आता तो वासराएवढा झाला. तुझा पदर कोणता आणि पाहुणीची छाती कोणती, हे त्याला कसं कळावं? लेकरू नाही म्हणून कुत्र्याचे लाड, असं आत्या म्हणते. मी म्हणत नाही.

तरी अट मान्य. पोळा तर लांबच राहिला, मी आठ दिवसांत करून दाखवतो.

उकंडराव पाटील

*

धनज, ता. २८ फेब्रुवारी

सोजर,

तुझं उत्तर आलं नाही. आठ दिवसांचे चोवीस झाले, हेही खरं.

काठी लावली नाही. लाथही नाही. शब्द दिला तो दिला. पण शब्दात लोढण्याचं काही नव्हतं. आपल्या पळकुट्या बैलाच्या गळ्यात बांधायचो ते बाभळीचं लोढणं, धावलं की गुडघ्यावर आपटणारं, ते तासून हलकं केलं आणि चेंडूच्या गळ्यात अडकवलं. म्हटलं, उडेल तेव्हा ओंडका त्याच्याच छातीवर बसेल. मारणारा मी नाही, लाकूड.

पहिले दोन दिवस बरे गेले. उडायचा, ओंडका बसायचा, कुई करून खाली यायचा. तिसऱ्या दिवशी तो मान तिरकी करून उडायला शिकला. त्याच दिवशी तुळसाबाई आत्या महादेवाच्या देवळातून परत आली. हिला हा रोज पाहतो, तरी जन्माची भेट झाल्यासारखा तिच्यावर उडाला. लोढणं झोका खाऊन आत्याच्या तोंडावर आलं. तिचे पाच दात उरले होते, त्यातले दोन पडले. पदर रक्ताने भरला. मी धावत गेलो तर ती कुत्र्याला सोडून माझ्यावरच घसरली. म्हणाली, "उकंड्या, बायकोचं आयकून कुत्र्याले दागिना घातला का रे? मर्द असशीन त हान त्याले."

सगळे सालदार पाहत होते. मी हाणलं नाही. फक्त लोढण्याची दोरी धरून त्याला वर उचलला, मागचे पाय जमिनीवरून सुटेपर्यंत, आणि थोडा वेळ तसाच धरला. जीभ बाहेर आली तेव्हा सोडला. ह्याला काठी म्हणत नाहीत.

लोढणं आता काढलं आहे. आत्या पातळ कण्या खाते आणि तुझ्या नावाने बोटं मोडते. हाताला आता कसं आहे ते कळव. भाकरी थापता येते का?

उकंडराव

*

धनज, ता. २९ मार्च

सोजर,

पुन्हा उत्तर नाही. कदाचित तुला माझी पत्रं खोटी वाटत असतील. खोटीच होती.

लोढणं काढलं त्याच्या दुसऱ्या दिवसापासून काठी चालू होती. तो उडाला की मी गुडघा वर घ्यायचो, छातीत बसेल असा. मग काठी. एकदा मुठीत तिखट धरून बसलो आणि तो तोंडाजवळ आला तसं त्याच्या नाकात कोंबलं. दिवसभर तो मातीत तोंड घासत होता. संध्याकाळी मी वावरातून आलो तर आंधळ्यासारखा वास घेत आला आणि उडालाच. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसं हे कुत्रं. मला त्या वेळी तसंच वाटलं. आपल्याशी इतकं वाईट वागणाऱ्याला पाहून ह्याला आनंद कसा होतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

धुळवडीला मी गावातून रंग खेळून आलो. थोडी घेतली होती. अंगावर नवं धोतर होतं, तुझ्या वडिलांनी दिलेलं. चेंडूने उडी मारली आणि धोतर मांडीपासून टराटरा फाटलं. मी मारायला लागलो. काठी मोडली. मोडक्या अर्ध्याने मारलं. त्याचा डावा कान फाटून लोंबायला लागला, ओसरीभर रक्त झालं, आणि तो भिंतीच्या कोपऱ्यात पोट टेकून पडून राहिला. एकदाही दात दाखवले नाहीत. चावला असता तर बरं झालं असतं, मी कदाचित थांबलो असतो. आत्या आतून बघत होती. शेवटी तीच म्हणाली, "पुरे झालं रे, मरन ते."

रात्रीतून तो निघून गेला. चार दिवस मी नाले धुंडाळले. मेला असेल तर तुला काय सांगायचं, हे मनात जुळवत होतो. खरं सांगायचं तर तीन-चार थापा तयारही झाल्या होत्या.

तो सापडला रूपलाच्या झोपडीत. गावची गुरं राखतो तो तांड्यावरचा रूपला, तुला माहीत आहे. नाल्याच्या काठाला राहतो. कानाला हळद लावून चेंडू तिथे बसला होता. मी झाडाआडून पाहत होतो. रूपलाची बायको सोनीबाई डोक्यावर पाणी घेऊन आली, तसं हे कुत्रं तसल्या दुखण्यातही उडायला उठलं. तिने काही केलं नाही. नुसती पाठ फिरवून उभी राहिली. कुत्रं गोंधळलं, इकडून तिकडून पाहिलं, आणि खाली बसलं. मग ती वळली आणि भाकरीचा तुकडा त्याच्या पायाशी ठेवला.

मी पुढे जाऊन रूपलाला म्हटलं, माझं कुत्रं दे. तो म्हशीची धार काढत होता. म्हणाला, बरं होईपर्यंत राहू द्या. मी आवाज चढवला, काठी उगारली. त्याने माझ्याकडेही पाठ केली आणि धार काढत राहिला. पाटलाकडे पाठ! उघडी पाठ काही काठीला अडवत नाही. आबांनी, बाप असून, माझ्या पाठीवर बैलाच्या कासऱ्याने इतकं मारलं आहे की तू तेल लावायचीस तेव्हा बोटं अडकायची. पण ही पाठ हललीच नाही, आखडलीही नाही. माझा हात वरच्या वर अवघडला. मी तो खाली घेतला तेव्हा रूपला वळला.

"पाटील, तो तुमच्या तोंडाकडे पाहून उडते," तो म्हणाला. "तुमी वरडता, हानता, त्याले वाटते मालक आपल्यासंग बोलून राह्यला. पाठ दाखवा त्याले. चारी पाय खाली टेकले की वळा अन् भाकर द्या. घरातल्या सगळ्यायनं असंच केलं पायजे, नाईतर पुन्हा पहिले पाढे."

मी कुत्रं तिथेच ठेवून आलो. काठी लागली, अट मोडली, हे तुला लिहिलं आहे. आता तू ठरव.

उकंडराव

*

धनज, ता. ९ जून

सोजर,

तू नाही म्हणाली नाहीस, म्हणजे पोळ्यापर्यंत मुदत आहे असं मी धरून चाललो आहे.

कोणाला पाठ दाखवायची नाही, असं आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. आता कान भरून चेंडू घरी आला आहे, आणि मी दिवसातून वीस वेळा त्याला पाठ दाखवतो. वावरातून आलो की फाटकात चेंडू धावून येतो, मी गर्रकन वळून रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो. पहिल्या आठवड्यात तो पाठीवरच उडाला. बंडी फाटली, नखांचे ओरखडे आले, जुन्या वळांवर नवे. येणारे जाणारे विचारायचे, पाटील, कोणाची वाट पाहता? मी म्हणायचो, पावसाची. हात मागे बांधून ठेवायचो, कारण मोकळा राहिला तर त्याचा मला भरवसा नव्हता. एकदा तर धोतराच्या सोग्याने खरंच बांधून घेतला.

मग एका दिवशी मागे काहीच वाजेना. वळून पाहिलं तर चेंडू चारी पाय जमिनीवर टेकून बसलेला, फाटका कान उभा करायचा प्रयत्न करत. मी भाकरीचा तुकडा दिला. सोजर, मला हसू आलं, आणि हे सांगायला घरात कोणी नव्हतं.

आता सगळं घर शिकलं आहे. सालदार पाठ फिरवतात. आत्यासुद्धा भिंतीकडे तोंड करून उभी राहते आणि शिव्या भिंतीला देते. रूपला रोज गुरं परत आणताना डोकावून जातो, कुठे चुकलं ते सांगतो. एवढा मोठा मी पाटील, आणि त्याने 'बरं जमलं' म्हटलं की दिवस चांगला जातो.

एक गोष्ट मात्र जात नाही. कोणी डोक्याचं पागोटं नीट करायला हात वर नेला की चेंडू पोट घासत मागे सरकतो आणि जागीच मुततो. रूपला म्हणतो, ते त्याने शिकवलं नाही.

सोमवारी सरकी आणायला कारंजाला आलो होतो. बाजारात सैफुद्दीन भेटला, तुझं हाड बसवणारा. मी हाताची चौकशी केली. म्हणाला, "हड्डी तो बैठ गई पाटील, मगर टेढी बैठी. दो जगह से टूटी थी." मी म्हटलं, पडली होती ती. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, पट्टीची कापडं घडी करत म्हणाला, "जी. सब गिरतीच हैं."

तिथून तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलो. बोलावल्याशिवाय जावयाने सासुरवाडीची पायरी चढू नये, म्हणून फिरलो, असं लिहिणार होतो. भ्यालो म्हणून फिरलो. धनजपर्यंत बैलांना कारण नसताना मारत आलो, हेही लिहून टाकतो.

उकंडराव

*

धनज, ता. १२ ऑगस्ट

सोजर,

हे पत्र छोटं आहे, कारण बातमी चांगली आहे.

गेल्या दीड महिन्यात चेंडू कोणाच्या अंगावर गेलेला नाही. परवा माळेगावची तीच पाहुणी येऊन गेली. दारातच पदर सावरून थबकली. चेंडू तिच्यापुढे जाऊन बसला आणि शेपटीने अंगण झाडत राहिला. तिने स्वतःहून त्याला लाडू दिला.

मार्चपासून मी त्याला बोटही लावलं नाही. हे खरं आहे. आत्याला विचार, ती माझ्या बाजूने कधी खोटं बोलत नाही.

रामकिसनला पोळ्याला पाठव. वाजंत्री, बैल, सारा गाव, ह्याहून मोठी परीक्षा कोणती? त्या गर्दीत हा कोणावर उडाला तर मी हरलो. नाही उडाला तर दुसऱ्या दिवशी त्याच्याच दमणीत बसून ये. माडीवरची तुझी खोली सारवून घेतली आहे. भाकरी थापायला बाई ठेवली आहे, तुला थापावी लागणार नाही. तुळशीला मी स्वतः पाणी घालतो, गावाला दिसलं तरी.

तुझी वाट पाहतो. हे वाक्य मी आजवर कोणाला म्हटलं नव्हतं.

उकंडराव

*

धनज, ता. ३० ऑगस्ट

सोजर,

रामकिसनने तुला सांगितलंच असेल. पण त्याने जे पाहिलं ते बाहेरून पाहिलं, म्हणून मी लिहितो.

पोळ्याला दुपारीच तो आला. ह्या वेळी पाणी प्यायला. आम्ही तोरणाखाली गेलो. पहिल्या मानाची आपली जोडी, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि कासरा रूपलाच्या हातात. वर्षभर बैल त्याने सांभाळले, तेव्हा मानही त्याचा, असं मीच ठरवलं होतं. चेंडू माझ्या पायाशी. डफडी वाजत होती, पोरं ओरडत होती, कोणाचं शेपूट कोणाच्या पायाखाली येत होतं. चेंडू उठायचा, अंगभर थरथरायचा, माझ्याकडे पाहायचा आणि पुन्हा बसायचा. रामकिसन मुद्दाम त्याच्या अगदी समोर गेला. माहेरचा माणूस, तुझ्या घरचा वास अंगाला. चेंडू रडल्यासारखा कुंईकुंई करायला लागला, पण पुढचे पाय त्याने उचलले नाहीत. रामकिसन खाली बसला, त्याच्या फाटक्या कानावरून हात फिरवला. कान कसा फाटला ते मी तुला लिहिलं होतं, त्यालाही ते माहीत असावं. तरी तो मला म्हणाला, उद्या सकाळी निघतो, परवा बाईला घेऊन येतो.

सोजर, तेवढ्यावर मी घरी आलो असतो तर आज तू इथे असतीस.

मग झडत्यांची गाणी सुरू झाली. तोरणाखाली झडतीत कोणी काहीही म्हणावं, ज्याच्यावर म्हटलं त्याने हसून घ्यावं, ही आपल्या गावची जुनी रीत. माझ्या आज्याला कोणी आंधळा वळू म्हटलं होतं, त्याने म्हणणाऱ्याला शेला दिला. मानाच्या जोडीवाल्याने पहिली झडती म्हणायची असते. रूपलाने हात कानावर ठेवला आणि म्हणाला,

"बैल आला तोरनात, मोकळी करा वाट,
कुत्र्याले दाखवली पाटलानं पाठ.
कुत्रं बी शायनं अन् पाटील बी शायना,
धाडा आता मालकिनीले, घरात करमेना.
हर बोला, हर हर महादेव!"

आज मी ती दहा वेळा मनात म्हणून पाहिली. त्यात वाईट काही नाही. ती त्याने रामकिसनला ऐकवायला रचली होती, माझी शिफारस होती ती. गाव हसला तोही आनंदाने हसला. पण त्या घटकेला मला एवढंच ऐकू आलं की कुत्रं आणि पाटील एका ओळीत बसवले, माझी बायको पळाली हे मेहुण्यासमोर चव्हाट्यावर सांगितलं, आणि सारा गाव खदखदून राहिला आहे.

बैलांची काठी माझ्या हातात होती, गोंडे बांधलेली. पहिल्या फटक्याला रूपलाचं पागोटं उडालं. दुसरा उजव्या भुवईवर बसला. तो पडला. तिसरा तो पडल्यावर मारला. चौथा आणि पाचवाही पडल्यावरच. बैल बुजून तोरण तोडून गेले, माणसं मागे सरली. पाटलाचा हात धरायला कोणी पुढे आलं नाही. सोनीबाई तेवढी त्याच्या अंगावर पडली. तिच्याही डोक्यावर मी काठी उगारली आणि तेव्हा माझं लक्ष खाली गेलं.

चेंडू बसला होता. त्या आरडाओरड्यात, रक्त त्याच्या पायापर्यंत आलं तरी, चारी पाय जमिनीवर टेकून बसला होता आणि माझ्या हाताकडे बघत होता. शिकवलं तसंच त्याने केलं होतं, आणि आता त्याला भाकरीचा तुकडा हवा होता.

रामकिसनने आपलं पागोटं फाडून रूपलाचं डोकं बांधलं. मग माझ्यासमोर आला. मला वाटलं, आता हा मारेल, आणि मारावं असंही वाटलं. तो म्हणाला, "कुत्रं शिकलं, भाऊजी. बाईले तेवढं सांगतो." आणि रात्र पडायच्या आत निघून गेला.

आता एक राहिलं. ते सैफुद्दीनला ठाऊक आहे, त्या दिवशीच्या बायांना ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे, तूच कोणाला सांगितलं नाहीस. संक्रांतीला फटके दोन होते. पहिला कुत्र्याला होता आणि तू मध्ये आलीस. त्यानंतर तू मनगट धरून माझ्याकडे पाहिलंस. ओरडली नाहीस, नुसतं पाहिलंस, आणि पंधरा-वीस बाया बघत होत्या. दुसरा मी तुला मारला. बघून, नेम धरून, मोडलेल्या हातावर. सात महिने मी 'एकच फटका' म्हणत आलो.

उकंडराव

*

धनज, ता. ६ सप्टेंबर

सोजर,

हे पत्र आणि चेंडू दोन्ही सोनीबाईच्या हाती देतो आहे. ती माझ्यासाठी येत नाही. मी विचारलं तेव्हा ती घागर उचलून आत निघाली. तुझं नाव घेतलं तेव्हा हो म्हणाली.

रूपला जगला. उजव्या डोळ्याने त्याला दिवा दिसतो, माणूस ओळखू येत नाही. त्याने तक्रार केली नाही. गावात तक्रार घेऊन यायचं ते पाटलाकडेच. म्हणून काल मी कागद लिहून तहसिलीत पाठवला, घडलं तसं, माझ्या सहीने. पाटीलकी राहील की जाईल, मला माहीत नाही. आत्याने तेव्हापासून अबोला धरला आहे.

मी त्याच्या झोपडीवर गेलो होतो. तो खाटेवर होता. मला पाहिलं आणि भिंतीकडे वळून पाठ केली. मी बाहेर मातीत बसलो. गुरं परत येईपर्यंत बसलो, मग उठून घरी आलो. दुसऱ्या दिवशीही गेलो, आजही जाणार आहे. त्याने वळावं असं मी म्हणणार नाही.

तू माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस. मला आधी राग आला, मग वाटलं तू निष्ठुर आहेस. तू सात महिने काय करत होतीस, ते त्या मातीत बसल्यावर कळलं. उशिरा कळलं.

चेंडूचं सांगतो. तो आल्यावर तुझ्यावर उडेल असं वाटलं तर पाठ फिरव, पण मला नाही वाटत तो उडेल. भाकरी त्याला हातातून देऊ नकोस, पायाशी ठेव. त्याचा डावा कान दुखरा आहे, उजव्या बाजूने कुरवाळ. घरी कोणी पाहुणा आला आणि पागोटं काढायला त्याने हात वर नेला, तर आधी चेंडूला नावाने हाक मार, म्हणजे तो घाबरणार नाही. वर गेलेल्या हाताला भ्यायचं, एवढी एक गोष्ट त्याला मी शिकवलेली आहे, ती विसरायला त्याला वेळ लागेल.

लोणी मात्र चाटव. आता काही बिघडत नाही.

तुझी अट पुरी झाली. तो माणसाच्या अंगावर जात नाही. पण तू येऊ नकोस, सोजर. मी अजून जातो.

उकंड